समर्थदादाच्या तारखा कधीच बंद नसतात

माझा चुलत भाऊ समर्थ गंगापूर रोडला राहतो आणि दुसऱ्यांची घरं पर्यटकांना एकेका दिवसासाठी भाड्याने देतो. त्यात त्याचं स्वतःचं एक कौलसुद्धा नाही. बी.कॉम. कसंबसं झालं, मग विमा विकला, मग पाण्याचे फिल्टर, मग कुठलंतरी तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आला आणि तेव्हापासून कार्डावर 'व्हेकेशन रेंटल एक्स्पर्ट'. घरात मात्र चहाचा कपसुद्धा स्वतः उचलत नाही, काकू उचलते.

"घर चांगलं असून काही होत नाही चैताली, ते सगळ्या चॅनलवर दिसलं पाहिजे," हे तो जेवताना, गाडी चालवताना, कुणाच्या दहाव्यालासुद्धा सांगतो.

चॅनल म्हणजे काय, तर तीन अ‍ॅप, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, पंचवटीतला एक ट्रॅव्हल एजंट आणि फकिरा नावाचा ड्रायव्हर, जो वाइनरी बघायला आलेल्यांना गाडीतच पटवतो. एका ठिकाणी बुकिंग आलं की बाकी सगळीकडे ती तारीख बंद करायची असते, एवढं तर मला पण कळतं. दादा करतच नाही. म्हणे तारीख बंद केली की अ‍ॅप आपल्याला खाली ढकलतं. दोन पार्ट्या आल्या तर एकीला सांगायचं पाण्याची टाकी फुटली आणि दुसऱ्या घरी पाठवायचं. त्याच्याकडच्या सहा घरांच्या टाक्या वर्षभर आळीपाळीने फुटतायत.

लिस्टिंग मी टाइप करून द्यायचे, म्हणून पासवर्ड माझ्याकडे होते. तेवढा माझाही दोष.

सहावं घर पेठकडच्या एका पाड्यावरचं, अक्काबाई आणि पुंजाबाबांचं. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, आत एक खोली, तिथे भाताची कणगी आणि कोपऱ्यात त्यांचे देव. दादाने नेमकी तीच खोली अ‍ॅपवर लावली, 'हेरिटेज सूट'. अक्काबाई पाहुण्यांना खोली द्यायची, भाकरी करून घालायची, तक्रार नाही. फक्त पहिल्याच दिवशी तिने एक सांगितलेलं.

"समर्थभाऊ, नवा भात आला का पयला घास देवाला. त्या दिवशी परकं माणूस आत नाय. तवर घरातलं पोरसुद्धा जेवत नाय."

"मावशी, एकच दिवस ना? डन!"

डन म्हणे. दिवाळीनंतर तिने फोन करून दिवस कळवला, रविवार. दादाने हो हो म्हटलं आणि तारीख उघडीच ठेवली. त्या रविवारी, म्हणजे काल, मला रील काढायला नेलं तेव्हा गाडीत सांगतो, "आज डबल आहे जरा, पुण्याची फॅमिली अ‍ॅपवरून, आणि एजंटचे सातजण."

"आज नवा भात आहे ना त्यांचा?"

"अगं अर्धा तास कणगी बाहेर काढतील. रविवार सोडतं का कुणी!"

मला तिथेच गाडीतून उतरावंसं वाटलं.

पोचलो तर अंगणात अकरा माणसं आणि बॅगांचा ढीग. अक्काबाई उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर नव्या भाताचं पातेलं, मागे नातवंडं उपाशी चुळबुळतायत. पातेलं देवापुढे न्यायचं तर उंबरा सोडायचा, आणि उंबरा सोडला की एजंटच्या सातजणांतला एक टोपीवाला बूट घालून आत घुसणार, हे दिसत होतं.

"अक्काबाई, दोन मिनिटं सरका," दादा हसत म्हणाला. "हे लोक वाईट रिव्ह्यू देतील."

"देऊ दे."

"तुमचंच नुकसान आहे."

"माजं? तुला सांगितलं व्हतं का नव्हतं?"

"हो, पण..."

"मंग पन कसला?" तिने माझ्याकडे बघितलं. "पोरी, त्या फोनात आमचं घर तूच लिवलं ना? पुस ते."

रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली येते. मी पळतच गेले. मागून दादा ओरडतोय, "चैताली, रँक जाईल! चार महिन्यांची मेहनत आहे!" मी तिन्ही अ‍ॅपवरून घर काढून टाकलं, एकेक, अगदी 'नक्की काढायचं का' ला 'हो' म्हणून. परत येऊन पाहुण्यांनाच सांगितलं की इथे राहायची सोय नाही, आणि या घराची टाकीसुद्धा फुटलेली नाही. पुण्याच्या बाईंनी दादाकडे जसं बघितलं, तसं आमच्या घरात आधीच कुणीतरी बघायला हवं होतं.

पुंजाबाबांनी पाहुण्यांना अंगणात पाणी दिलं. मग अक्काबाई उठली, आत गेली, घास ठेवला, पोरं जेवली. जाताना तिने मला पानावर मूठभर गरम भात दिला. दादाला दिला नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, तो फोनवर दुसरी घरं शोधत होता.

एकही मिळालं नाही, रविवार ना. शेवटी अकराच्या अकरा माणसं गंगापूर रोडला स्वतःच्या घरी घेऊन गेला.

आज सकाळी काकूचा फोन. "चैताली, तुझ्या भावाने माझा देव्हारा उचलून वॉशिंग मशिनवर ठेवलाय. काल देवाच्या खोलीत सातजण झोपले. आणि आता त्या खोलीचे फोटो काढतोय गं, म्हणतो चॅनलवर टाकतो."

"मग तू काय केलंस?"

"मी दारातच बसलेय. तुझ्याकडे ते पासवर्ड अजून आहेत ना?"

रिक्षात बसून हे टाइप करतेय. पोचतेच दहा मिनिटांत.