मामांची तीन बोटं

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, यांना हळू बोलणं कधी जमलंच नाही. चहा मागितला तरी सिडकोतली आमची अख्खी गल्ली ऐकायची. जन्म गेला लग्नाच्या बँडमध्ये. अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर 'आ' वासणारा तो अवजड पितळी भोंगा मामा वाजवायचे.

गंगापूरच्या एका वरातीत त्यांचा उजवा हात बरोबर चालणाऱ्या दिव्यांच्या गाडीखाली सापडून मोडला. प्लास्टर निघालं तर बोटं आखडलेली. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. दिवसभर दाबत राहा, नाहीतर बोटं अशीच राहतील म्हणाले. मामांनी तो शेजारच्या पोरांना क्रिकेटला देऊन टाकला.

"मी काय लेकरू हाय व्हय, चेंडू खेळायला?"

चेंडू नको, पण भोंगा पाहिजेच! भोंग्याला तीन खटके, ते उजव्या हाताच्या तीन बोटांनी दाबायचे. स्वतःची बोटं चालेनात तेव्हा मामांनी उपाय शोधला, आणि तो उपाय म्हणजे मी. "सूनबाई, ये इकडं. फुंकतो मी, तू निस्ती बोटं ठेव." फुंकताना बोलता येत नाही, मग इशारा पायानं. एकदा पाय आपटला की पहिला खटका, दोनदा आपटला की दुसरा. मी भाकरी थापत असायचे, तशीच पिठाच्या हातानं पळायचे. चुकले की भोंगा थांबायचा. "अगं, नवरदेव काय रडत चाललाय का?" इकडे तव्यावर भाकरीचा कोळसा! नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "तेवढंच त्यांचं मन रमतं." रमणारच की. राबतंय कोण?

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा बँडचे मालक घरी आले. मामांचा हात बघून गोड आवाजात म्हणाले, "भोंगा राहू द्या आता. खुळखुळा हलवत चला नुसते." खुळखुळा बँडमध्ये कुणाला देतात, तर ज्याच्याकडून दुसरं काही होत नाही अशा म्हाताऱ्याला. मामा हसले. मालक गेल्यावर जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत हाक. "सूनबाई!"

माझं डोकंच सणकलं. "मी नाही येणार. वरातीत काय मला बरोबर नेणार आहात? आजपासून माझी बोटं मिळणार नाहीत."

"मंग वाजवू कसं?"

"तुमच्या बोटांनी!"

झालं, अबोला. आतून भोंगा रेकायचा, मधेच "आई गं" ऐकू यायचं. मी इकडे तोंडात पदर कोंबून बसायचे. उठून माझी बोटं दिली असती तर त्यांची कधीच सुटली नसती.

खटके दाबून दाबून बोटं सुटली. मधलं जरा हट्टीच राहिलं, पण पहिल्या वरातीला मामा भोंगा घेऊनच गेले. मी बघायला रस्त्याच्या कडेला उभी होते. समोरून गेले, पण मान वळवली नाही. एवढा राग! पुढेही त्या गोष्टीचा कधी विषय काढला नाही.

मागच्या वर्षी मामा गेले. बँडची माणसं भेटायला आली. मी चहा घेऊन गेले तर मालक उठून उभेच राहिले.

"बोटं काढून घेणारी सून ती तुम्हीच ना? प्रत्येक लग्नात सांगायचे, नव्या माणसाला धरून सांगायचे. 'माझी सून लई कजाग हाय. ती नसती तर मी खुळखुळा हलवीत मेलो असतो.'"

गंगापूरपासून अजिंठ्यापर्यंत सगळ्या जगाला सांगत हिंडले. अहो मामा, मग मला एकदा सांगायला काय झालं होतं? मी ट्रे तिथंच ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.