बाप्पा नव्हे, देवमासा

पार्ल्याहून मढला जायचं म्हणजे आम्हाला परदेशच! आधी बस, मग वर्सोव्याची तर (खाडी ओलांडणारी होडी), पलीकडे पुन्हा बस. त्यात बाबांच्या कडेवर प्लास्टरचं भलंमोठं डोकं. स्क्वालोडॉनचं, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या दातेरी देवमाशाचं. मढच्या एका शाळेला विज्ञानाच्या खोलीसाठी तो हवा होता. गिरणी बंद पडल्यावर गणपतीच्या कारखान्यात माती मळणाऱ्या माझ्या बाबांनी तो चित्रावरून एकट्याने घडवला. त्यांचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. शाळेने नाकारलं असतं, तर त्यांनी पुन्हा कशालाही हात लावला नसता.

धक्क्यावर सुकत्या बोंबलांचा वास भरून राहिला होता. आम्ही तरीत पाय ठेवतोय तोच एक कोळीण ओरडली, "सरका रं, बाप्पा आयलाय!"

लोकांनी भराभर जागा केली, दोघातिघांनी 'मोरया'ही केला. ऐन चैत्रात! बाबांनी कारखान्यातल्या सवयीने देवमाशाच्या तोंडावर रुमाल बांधला होता ना.

"बाप्पा न्हय गे," म्हणत बाबांनी ओशाळून रुमाल सोडला. लांबलचक जबडा, मागे करवतीसारखे दात.

"अगो बाय, मगर!"

यात तिची काय चूक? पहिल्यांदा अवशेष सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनीही त्याला सरपटणारा प्राणीच ठरवलं होतं.

"मगर न्हय. देवमासो तो."

"मंग देवच ना? आमचा काय चुकला?"

अख्खी तर हसली. तेवढ्यात होडी हेलकावली आणि पुढचा एक दात टपकन तुटला. झालं, वाट लागली! बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. कोळणीने टोपल्या सरकवून दात शोधून दिला.

शाळेच्या ओट्यावर बसून बाबांनी तो प्लास्टरने बसवला. मुख्याध्यापिका बाईंनी जबडा सगळीकडून निरखला. मी श्वास रोखून उभी.

"झकास झालाय हो, काका! खाली तुमचं नाव घाला."

"माझा?" बाबा म्हणाले. जन्मभर त्यांनी कापड विणलं, पण ताग्यावर नाव गिरणीचं छापलं जायचं. त्यांनी ब्रश घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिलं. मला रडूच आलं.

परतीच्या तरीत शेजारच्या गृहस्थाने सहज विचारलं, "काका, काय करता तुम्ही?"

गिरणी गेल्यापासून या प्रश्नावर बाबा मान फिरवायचे. आज ताठ बसले.

"मी मूर्तिकार आसंय."

"आणि मी यांची मुलगी," मी कुणी न विचारताच सांगून टाकलं.