पिल-न्येचं ऐकणं

बे किल-सूचं गाणं शंभरांत आणायचंच, असं बांग पिल-न्येनं ठरवलं, तेव्हा शंभर म्हणजे नक्की काय हे तिला माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणून अडून बसणारी ती बाईच नव्हे. तिनं आधी कंबर कसली आणि मग चौकशी सुरू केली.

गुनसानच्या बाजारात मासळीच्या रांगेला लागून तिचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. सोयात मुरवलेली कमळकाकडी, गोड-तिखट सुकी मासळी, चार तऱ्हांची किमची. हाताला चव आणि जिभेला धार, दोन्ही देवानं हात सैल सोडून दिलेलं. वय चौसष्ट. नवरा ब्यंग-गाप तीन वर्षांपूर्वी गेला, मुलगी से-ह्वा लग्न होऊन इंचनला. बाजारात तिला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची ती से-ह्वाची आई.

आणि हा बे किल-सू कोण? टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत सातवा आलेला. सातव्याला कुत्रं विचारत नाही. चाळिशी उलटलेली, जत्रांमधून आणि लोकांच्या साठीच्या जेवणावळींमधून गाऊन घसा झिजलेला. ब्यंग-गाप गेल्यापासून पिल-न्येच्या घरात टीव्ही नुसता आवाज हवा म्हणून चालू असायचा. त्या संध्याकाळी किल-सू गायला उभा राहिला आणि मुळ्याचे काप करता करता तिचे हात थांबले. तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा काहीतरी नीट ऐकलं. आता यावर हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

यंदा वसंतात किल-सूचं स्वतःचं पहिलं गाणं आलं, फेरीबोटीनं घरी परतणाऱ्या माणसाचं. सोमवारी संध्याकाळी सहाला ते ॲपवर आलं आणि त्याच्या कंपनीच्या मालकानं स्पष्ट सांगून टाकलं की येत्या रविवारपर्यंत गाणं शंभरांच्या यादीत दिसलं तर पुढचं काढू, नाहीतर राम राम. किल-सूनं हे चाहत्यांना फोनवरच्या व्हिडिओत स्वतःच सांगितलं. तक्रार अशी केलीच नाही. नाही जमलं तर थोरल्या भावाच्या ट्रकवर जाईन, गाता तिथंही येतं, असं म्हणाला आणि हसला. ते हसणं पिल-न्येच्या काळजात घर करून गेलं. "तुझा ट्रक गेला खड्ड्यात," ती फोनला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाजारातल्या बायका गोळा केल्या.

तोवर तिनं शंभर म्हणजे काय ते पुरतं समजून घेतलं होतं. पूर्वी तबकड्या खपल्या की गाणं गाजलं म्हणायचे. आता ॲपवर किती जणांनी गाणं लावलं आणि किती जणांनी विकत घेऊन फोनमध्ये उतरवलं, यावरून तासातासाला यादी बदलते. आवाज पार बंद करून लावलं तर धरत नाहीत. एकाच माणसानं तासात दहादा लावलं तरी एकदाच धरतात. उतरवलेलंही माणशी एकदाच. म्हणजे कितीदा ऐकलं याला फारशी किंमत नाही, किती जणांनी ऐकलं याला आहे. पिल-न्येला हे फार आवडलं. एकाच श्रीमंतानं दुकान उचलून नेण्यापेक्षा शंभर घरांत थोडी थोडी किमची गेलेली बरी, हे ती आयुष्यभर म्हणत आली होती.

थेंबे थेंबे तळे साचे, असं म्हणत दीड डझन बायका तयार झाल्या. मासळीवाली जोम-सून तेवढी म्हणाली, "या वयात पोरींसारखे चाळे. आमची सासू वरून बघत असेल." पण फोन तिनंच सगळ्यात आधी पुढे केला.

आणि इथंच घोळ झाला. या बाजारात वेगळं असं कुणाचं काही नसतं. किमचीचा फ्रीज सगळ्यांचा एक, गरम करायची भट्टी एक, मोरीची किल्ली एक. तेव्हा गाण्याचं खातं तरी अठरा कशाला? पिल-न्येच्या फोनमध्ये एक होतंच. तिनं त्याचा पासवर्ड मोठ्यानं सांगितला आणि दुपारपर्यंत तो आख्ख्या गल्लीला पाठ झाला. आपल्याच हुशारीवर ती खूश होती. एकीचं बळ म्हणतात ते हेच, असं ज्याला त्याला सांगत होती.

मग बाजारात किल-सू घुमायला लागला. खेकड्यांच्या टोपलीमागून, तांदळाच्या वड्यांच्या वाफेतून, मिरच्या कुटायच्या यंत्राशेजारून. जरा वेळानं एकीचं गाणं बंद पडे, फोनवर काहीतरी पाटी येई. चष्मा शोधून ती वाचतंय कोण? 'ठीक आहे'वर बोट ठेवायचं आणि पुन्हा लावायचं. दोन दिवस बायकांनी हे व्रतासारखं केलं. गिऱ्हाईक ताटकळलं तरी गाणं आधी.

गुरुवारी दुपारी देजनहून फोन आला. किल-सूच्या चाहत्यांची सगळी जुळवाजुळव तिथली ए-ग्यंग नावाची बाई करते. तिनं अवघडत विचारलं, की गुनसानचा जोर दिसत नाही, ताई, सगळ्या लावताहेत ना? पिल-न्ये भडकलीच. इथं बोटं झिजली आमची, म्हणाली. मग बोलता बोलता एका खात्याची गोष्ट निघाली.

"ताई, एका खात्यावर एका वेळी एकच फोन चालतो," ए-ग्यंग म्हणाली. "एकीनं लावलं की दुसरीचं बंद होतं. ती पाटी तेच सांगत होती. आणि मोजणाऱ्यांच्या लेखी तुम्ही सगळ्या मिळून एकच माणूस आहात."

म्हणजे अठरा बायका दोन दिवस, अगदी मनोभावे, एकमेकींचा गळा दाबत होत्या. जोम-सून हसता हसता खोक्यावर बसली. पिल-न्येला मात्र हसू आलं नाही. तिच्या शहाणपणापायी दोन दिवस मातीत गेले होते आणि गाणं शंभराच्या बाहेरच लटकलेलं होतं.

खातं आपलं आपलं काढायला फोन आपल्या नावाचा लागतो. आणि या बायकांचे फोन कुणाच्या नावावर? कुणाचा मुलाच्या, कुणाचा सुनेच्या. म्हणजे प्रत्येकीनं घरी सांगायचं की मला अमुक गायक आवडतो, त्याच्यासाठी फोन माझ्या नावावर करून दे. सोपं वाटतं ना? ज्या बाईनं चाळीस वर्षांत मला अमुक आवडतं असं घरात कधी उच्चारलं नाही, तिला विचारा. पिल-न्ये दुकानादुकानातून फिरली. एकीला चुचकारलं, एकीला झापलं, एकीच्या मुलाशी स्वतः बोलली. "तुझ्या शाळेच्या डब्यात माझी मासळी असायची, विसरलास?" एवढंच तिनं त्याला विचारलं. शुक्रवारी दुपारपर्यंत जवळजवळ सगळ्याजणी आपापल्या नावाच्या झाल्या. जोम-सूननंही तिच्या बंदरातल्या आडदांड मुलासमोर लाजत लाजत किल-सूचं नाव घेतलं. तो म्हणे हसला नाही, आईला घेऊन सरळ फोनच्या दुकानात गेला.

राहिली फक्त पिल-न्ये.

ती संध्याकाळी फोनच्या दुकानात गेली. तिथल्या टकल्या, चष्मेवाल्या माणसानं नंबर घालून पाहिला आणि म्हणाला, "हा चो ब्यंग-गाप साहेबांच्या नावावर आहे. त्यांना पाठवून द्या, पाच मिनिटांचं काम."

"ते येऊ शकत नाहीत," पिल-न्ये म्हणाली.

"मग नुसतं फोनवर बोलू देत."

पिल-न्ये उठली आणि बाहेर आली. चालत दुकानात परतली आणि मुळा चिरायला बसली. जोम-सूननं तिचं तोंड बघितलं, मासळी तशीच टाकली आणि येऊन समोर बसली.

तेव्हा पिल-न्येनं सांगितलं. नवरा गेल्यावर तिनं आपला फोन बंद करून त्याचा वापरायला घेतला होता. बिल वेळेवर भरलं की कंपनी काही विचारत नाही. पत्र येतं ते त्याच्या नावानं. वर्षातून एकदा त्याच्या वाढदिवसाला निरोप येतो, सन्माननीय ग्राहक चो ब्यंग-गाप, आपणांस उदंड आयुष्य लाभो. त्या दिवशी ती वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप करते आणि एकटीच पिते. गाण्याचं खातंही त्याचंच. म्हणजे सबंध बाजार ज्या एका माणसाच्या नावानं ऐकत होता, तो माणूस टेकडीवर मातीखाली निजला होता.

एरवी जोम-सून अशा वेळी काहीतरी टोचून बोलल्याशिवाय राहिली नसती. आज तिनं आवाज खाली आणला. "अगं से-ह्वाच्या आई, तो गेला हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आख्ख्या गुनसानला माहीत आहे. त्या कंपनीलाच तेवढं सांगायचं राहिलंय."

"मग एकाला तरी नको ना कळायला," पिल-न्ये म्हणाली.

जोम-सूननं तिच्या हातातली सुरी काढून घेतली. मग म्हणाली की राहू दे, तुझ्या एकटीवाचून काही अडत नाही, आम्ही सगळ्या आहोत ना. तिनं हे अगदी मनापासून म्हटलं, आणि ते खरंही होतं. पिल-न्येनं मान हलवली, दुकान आवरलं आणि घरी गेली.

पण पिल-न्ये ती पिल-न्येच. दुसऱ्यांना विहिरीत उतरवून स्वतः काठावर उभं राहणं तिच्या रक्तात नाही. बायकांनी तिच्या एका शब्दावर पोटच्या पोरांपुढे लाज सोडली होती, आणि ती मात्र नवऱ्याच्या नावाआड बसली होती. शिवाय सकाळी भात उकळताना तिला आठवलं, की ब्यंग-गापला असली गाणी मुळीच आवडत नसत. त्याला गिटारवरची हळू आवाजातली गाणी लागायची. हे असलं रडं लागलं की तो उठून अंगणात जायचा. आणि गेले चार दिवस त्याच्या नावावर तासातासाला हेच चाललं होतं. "बिचाऱ्याला मेल्यावरही सुख नाही माझ्यापायी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. त्या हसण्यानंच बहुधा तिला घराबाहेर काढलं.

शनिवारी तिनं दुकान उघडायच्या आधी ब्यंग-गाप गेल्याचा सरकारी कागद कपाटातून काढला, बरा कोट घातला आणि फोनच्या दुकानात त्याच माणसापुढे जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"चो ब्यंग-गाप माझा नवरा," ती म्हणाली. "तो वारला. तीन वर्षं झाली. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता फोन माझ्या नावावर करा. बांग पिल-न्ये."

तो माणूस खुर्चीतून उठला आणि दोन्ही हात बाजूला ठेवून कमरेत वाकला, दुखवट्याला आल्यासारखा. तीन वर्षं उशिरा, पण रीतसर. मग त्यानं काम केलं, तिच्या फोनवर तिच्या नावाचं खातं उघडून दिलं आणि एक शब्द जास्त विचारला नाही. पिल-न्येनं तिथंच उभ्या उभ्या गाणं विकत घेऊन उतरवलं, मग लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही ऐकावं लागलं.

वर्तमानपत्रांत शहाणे लोक लिहितात, की असं ठरवून लावलेलं गाणं म्हणजे खरं ऐकणं नव्हे, त्यानं यादी नासते. या शहाण्यांनी एकदा गुनसानला यावं आणि पिल-न्येसमोर उभं राहून हे म्हणून दाखवावं. मला तर तिच्याइतकं खरं ऐकणारं दुसरं माणूस माहीत नाही. जी बाई एक गाणं ऐकण्यासाठी आपल्या माणसाला दुसऱ्यांदा पुरते, तिचं ऐकणं खोटं म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही.

रविवारी संध्याकाळी पाचची यादी लागली तेव्हा सगळ्या जोम-सूनच्या गाळ्यासमोर जमल्या होत्या. एकच चष्मा हातोहात फिरत होता. वरून खाली बघत गेल्या, पोरांची गाणी, पोरींची गाणी, आणि अगदी तळाशी, अठ्ठ्याण्णवाव्या जागी, बे किल-सू. कुणी ओरडलं नाही. वड्यावालीनं नुसतंच "दिसतोय" म्हटलं आणि डोळ्याला हातमोजा लावला. देजनहून ए-ग्यंगचा फोन आला, तिला रडण्यामुळे बोलताच येईना. किल-सूला ट्रक चालवावा लागणार नव्हता, निदान पुढचं गाणं येईपर्यंत तरी.

गाण्याच्या पानावर किती जणांनी ऐकलं तो आकडा असतो. पिल-न्ये त्याच्याकडेच बघत राहिली होती. जोम-सूनच्या ते लक्षात आलं आणि जुनी जीभ परत जागी झाली. म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? हजारो आहेत इथे. तू नसतीस तरी जागा हीच असती."

"जागा हीच असती," पिल-न्ये म्हणाली. "पण मी नसते."

आणि ती रडायला लागली. ब्यंग-गाप गेला तेव्हा दुखवट्याला आलेल्या दोनशे माणसांना तिनं स्वतः वाढलं होतं, डोळ्यांत टिपूस नव्हता. आता भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, ती हुंदके देत रडली. जोम-सूननं मासळीचे हात धुतलेसुद्धा नाहीत. तसेच ओले, वास मारणारे हात तिनं पिल-न्येनं आजही घातलेल्या त्या चांगल्या कोटावर ठेवले आणि म्हणाली, "रड, पिल-न्ये. रड."