लंबकच्या वाटीतलं मांस

घड्याळवाल्या बाईंनी आयुष्यात मांस खाल्लेलं नाही. घरात अंडंसुद्धा येत नसे. तरीही गेल्या वर्षी काही महिने त्यांचा दिवस कच्च्या कोंबडीने सुरू व्हायचा. दुकानाचं शटर अर्धं वर, टेबलावरचा दिवा लावलेला, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर काचेवर घड्याळाऐवजी कोंबडीच्या मांडीचा तुकडा. त्यावरचा पातळ पापुद्रा टोकाला धरून त्या इतक्या अलगद ओढत, की खालचं मांस नुकत्याच पुसलेल्या तबकडीसारखं लख्ख दिसे. मग चरबी काढायची. मग शिरा. मग तुकडा दिव्यासमोर धरून एक शेवटची नजर.

येणाराजाणारा एखादा वाकून विचारायचाच, "बाई, हे कुठल्या कंपनीचं?"

"चावीचं आहे," बाई मान वर न करता म्हणायच्या. "सेलवर चालत नाही."

काच वेगळी होती, चिमटा वेगळा होता आणि काम झालं की टेबल साबणाने धुतलं जायचं. त्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. हा सगळा खटाटोप होता लंबकसाठी. लंबक म्हणजे कुत्र्याचं पिल्लू.

दुकान वडिलांचं. इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं. मागच्या लाकडी जिन्याने वर गेलं की घर. भावाने या धंद्याकडे पाठ फिरवली, तो बाईंनी घेतला. आता लोक येतात ते बहुतेक सेल बदलायला नाहीतर पट्टा बसवायला. पण भिंतीवरची जुनी घड्याळं अजून शहराच्या दुसऱ्या टोकाहून कापडात गुंडाळून इथे आणली जातात. घड्याळ समोर आलं की बाई ते लगेच उघडत नाहीत. मान तिरकी करून ऐकतात. ठोका कुठे अडखळतो ते कानाला कळलं की मगच मळसूत्राला हात लावतात. आणि एकदा उघडलं की नियम एकच, जे मूळचं नाही ते बाहेर. धूळ, गोठलेलं तेल, आधीच्या कारागिराने कोंबलेली कागदाची घडी. घड्याळ बिघडत नाही, घाण होतं, असं वडील सांगत. बाईंचा अजून त्यावर विश्वास आहे, फक्त घड्याळांपुरता.

असंच एक लंबकाचं घड्याळ घेऊन एक उंच बाई यायच्या, दोन दणकट कुत्र्यांसह. गल्लीत त्यांना कुत्रेवाल्या मॅडम म्हणत. कुत्र्यांच्या अंगावरचा केस न् केस चकाकायचा. बाईंना कुत्र्यांचा लळा वगैरे नव्हता. पण एखादी गोष्ट इतकी चांगली चालते आहे तर आत काय आहे, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"काय घालता यांना?"

"मांस. कच्चं."

"जरा उकडून?"

"कच्चं म्हटलं ना, बाई."

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, पोट बिघडत नाही का? त्याच्या पुढच्या खेपेला, दातांचं काय? नंतर तर शी कशी होते तेही विचारून झालं. मॅडमनी सगळं सांगितलं. मांस, हाड, काळीज, सगळं द्यायचं, सगळं कच्चं. काही दिवसांनी त्यांचं बिऱ्हाड दुसऱ्या शहरात हललं. जायच्या दिवशी घड्याळ न्यायला आल्या त्या काखेत एक पिल्लू घेऊन. "तुम्ही इतके प्रश्न विचारता, उत्तर घरीच ठेवून घ्या," म्हणाल्या आणि पिल्लू टेबलावर ठेवून गेल्या. पिल्लाची शेपटी डावी-उजवी एका लयीत हलत होती. नाव शोधावं लागलं नाही.

वर घरात स्वयंपाकघर बाईंच्या नवऱ्याचं. ते हॉस्पिटलच्या भटारखान्यात आचारी होते. जन्मभर आजाऱ्यांसाठी मऊ, पचायला हलकं, कमी तिखटमिठाचं शिजवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कच्चं म्हणजे धोका, हे त्यांचं ठाम मत.

"माझ्या ओट्यावर कच्चं मांस आलं, तर मी घराबाहेर," त्यांनी जाहीर केलं.

"बाहेर म्हणजे कुठे जाणार?"

"खाली. दुकानात बसेन."

"अहो, मांस दुकानातच असणार आहे."

आचाऱ्यांनी मग स्वतः उपाय केला. भाज्या घालून गरगट भात शिजवला, फुंकर मारून निववला आणि पिल्लापुढे ठेवला. लंबकने तो हुंगला, वाटी नाकाने उलटी केली आणि शेजारी अंग टाकून दिलं.

"पेशंटसुद्धा असं करत नव्हते," आचारी म्हणाले.

"पेशंटना पर्याय नव्हता," बाई म्हणाल्या.

झालं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एक जुना छोटा फ्रिज आला, आणि बाई रस्ता ओलांडून समोरच्या खाटकाकडे गेल्या. इतकी वर्षं समोरासमोर धंदा, पण त्याच्या पायरीवर त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. खाटकाने सुरा बाजूला ठेवला. "ताई, रस्ता चुकलात का?"

काम ऐकल्यावर त्याची छाती फुगली. बाईंसारख्या माणसाला रक्तामांसाचा पसारा दाखवायचा नाही, हे त्याने मनाशी ठरवलं. "सगळ्यात चांगलं देतो. हाड नको ना?"

"छे हो! घशात अडकलं तर?"

खाटीक मन लावून हाडं काढायचा. उरलंसुरलं बाई काढायच्या. एकदा त्याने हौसेने काळीज बांधून दिलं. ते लिबलिबीत, काळपट प्रकरण बाईंना काही पसंत पडलं नाही, तेही बाहेर. शेवटी तीन पाण्यांनी धुऊन जे लंबकच्या वाटीत पडायचं, ते इतकं स्वच्छ असायचं की मांसाचा वासही राहायचा नाही. काढलेला ऐवज जायचा दुकानामागच्या भुरीला. भुरी ही गल्लीतली बेवारस कुत्री. खाटीक हाडं तिलाच टाकायचा आणि बाईही पापुद्रे, चरबी, काळीज कागदात घालून तिच्यापुढे ठेवायच्या.

लंबक दोन घासांत वाटी रिकामी करी. बाई कान देऊन ऐकायच्या. काही आवाजच नाही. "तेल दिल्यासारखं जातं," त्या कौतुकाने सांगायच्या. पिल्लू वाढलं. अंग गुळगुळीत, डोळे तरतरीत. आचारी वरून जिन्यातून बघत आणि खोट न काढता परत जात. बाईंना तेवढं पुरे होतं.

एका दुपारी बाई एक टोल्यांचं घड्याळ जुळवत होत्या. ठोका काही केल्या सारखा पडेना. टिक, टिक, टिक, आणि चौथ्याला फरफट. घड्याळाचा लंबक काढून पुन्हा अडकवला, ते सरळ टांगलं, भिंतीला पाचर लावून पाहिली. फरफट जाईना. वैतागून त्यांनी घड्याळ बंद केलं.

आवाज चालूच राहिला. टिक, टिक, टिक, फरफट.

बाईंनी मान फिरवली. लंबक मागच्या फरशीवरून त्यांच्याकडे येत होता. तीन पायांची नखं वाजत होती, चौथा पाय ओढला जात होता. आता नीट बघितल्यावर पुढचे दोन्ही पायही बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसले, वजनाने वाकलेल्या तारेसारखे. घड्याळाचं काही चुकत नव्हतं.

"अहो!" बाईंनी हाक मारली. आचारी इतक्या वेगाने जिना क्वचितच उतरले असतील.

जनावरांची डॉक्टर तरुण होती. तिने लंबकचा पाय नुसता चाचपला तर तो कळवळला. तिने एक्स-रे काढला, उजेडावर लावला. बाई इतक्या जवळ गेल्या की डॉक्टरला सरकावं लागलं. हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं, तेच चित्रात कळत नव्हतं. सगळं एकसारखं करडं. मागच्या पायाच्या हाडावर केसासारखी एक रेघ.

"मोडलंय?"

"तडा गेलाय. काकू, याला खायला काय देता?"

बाईंनी सगळं सांगितलं. ताजं मांस, रोजच्या रोज, हाड नाही, चरबी नाही, पापुद्रासुद्धा नाही. आवाजात थोडा अभिमान होता, तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

"आणि काढलेलं सगळं?"

"ते मागच्या कुत्रीला."

"त्या कुत्रीचे पाय कसे आहेत?"

भुरी बाईंच्या डोळ्यांसमोर आली. भिंतीवरून उडी मारणारी, सायकलींमागे धावणारी. "दगडासारखे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने समजावून सांगितलं. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. रक्ताला ते लागतंच, मग शरीर ते हाडांमधून काढून घेतं. पिल्लाचं तर हाड अजून तयारच होत असतं.

"म्हणजे तो स्वतःचीच हाडं खात होता," बाई म्हणाल्या.

"जवळपास तसंच. आणि मणक्याचं हाड दबलं, तर मागचे पाय कायमचे जातील. मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही."

तिने दोन गोष्टी सांगितल्या. पिंजरा, म्हणजे उड्या नाहीत, जिना नाही, धावणं नाही. आणि पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं, पाकिटातलं. वरून कॅल्शियमच्या गोळ्या घालू का, असं बाईंनी विचारलं तर डॉक्टर म्हणाली, मनाने काही घालू नका, जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

आचारी तोवर मागे उभे होते. आता ते पुढे सरले. "मग माझा भात चालला असता ना?"

"नाही, काका. त्यात तरी ते कुठे आहे?"

आचाऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. वाटेत टोमणा मारायची सगळी तयारी झालेली होती, ती तिथेच बारगळली. "पाकीट," ते एवढंच म्हणाले. दुसऱ्या हॉस्पिटलच्या आचाऱ्याचं नाव घ्यावं, तसं.

लाकडी खोक्यांच्या फळ्या ठोकून पिंजरा त्यांनीच केला आणि बाईंच्या टेबलाखाली बसवला. पहिले काही दिवस लंबकने पाकिटाला तोंड लावलं नाही. आचारी स्टूल घेऊन पिंजऱ्याशेजारी बसायचे. ते दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, बोटाने चेपून बघायचे. न जेवणाऱ्याला जेवायला घालणं हाच त्यांचा धंदा होता. "एक घास फक्त," ते वाकून सांगायचे, "मग नाही विचारणार." लंबक घास घ्यायचा, ते पुन्हा विचारायचे. गिऱ्हाइकांना त्यांच्या पायांवरून वाकून बाईंशी बोलावं लागे.

खाटकाला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी सगळ्यात चांगलं तेच दिलं."

"तेच तर झालं," बाई म्हणाल्या. "मीही तेच करत होते."

त्या दिवसांत बाईंच्या हातून काम कमी झालं. एखादं घड्याळ उघडायच्या आणि चिमटा हातात धरून नुसत्याच बघत बसायच्या. टेबलाखाली लंबक कूस बदलायचा, तेवढ्या आवाजानेही त्यांचा जीव खालीवर व्हायचा. रोज पिंजरा साफ करताना आचारी त्याला उचलून धरायचे, आणि बाई त्याचे मागचे पाय हलतात का ते बघायच्या. हलायचे. मग दोघंही आपापल्या कामाला लागायची.

दुसऱ्या एक्स-रेत हाडं पांढरी दिसली. तड्याची रेघ बुजली होती. पुढचा डावा पाय मात्र जरासा बाहेर वळलेलाच राहिला. तो तसाच राहणार, असं डॉक्टर म्हणाली. हळूहळू चालवायला हरकत नव्हती. बाईंनी एक्स-रे पुन्हा एकदा उजेडावर धरून पाहिला. आणि मग घसा साफ केला.

"डॉक्टर, ते कच्चं..."

"काकू! अजून?"

"चुकलं माझं. पण मॅडमची कुत्री चकाकायची, ते खोटं नव्हतं. चुकलं कुठे ते कळलं. बरोबर कसं असतं, ते राहिलंय."

डॉक्टरने हात टेकले. कच्चं द्या असं मी सांगणार नाही, ती म्हणाली. त्यात जंतू असतात, कुत्र्यालाही त्रास होतो आणि हाताळणाऱ्या माणसालाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने ते मरत नाहीत. रोजचं जेवण पाकिटातलंच. पण बाई ऐकणाऱ्यांतल्या नाहीत हे दिसल्यावर तिने अटी घातल्या. पोटाला नव्हे, केवळ चवीला कधीतरी कोंबडीच्या मानेचा तुकडा, हाडासकट, कच्चाच, कारण शिजवलं की हाडाच्या किरच्या होतात. खाताना समोर उभं राहायचं. नंतर हात, काच, फरशी, सगळं धुवायचं.

पहिल्यांदा लंबक रस्ता ओलांडून खाटकाच्या पायरीशी गेला, तो बाईंच्या पायापायांतून. खाटकाने कोंबडीची मान उचलली. कातडी, चरबी, पापुद्रा, मधून डोकावणारे मणके, सगळं जिथल्या तिथे. सवयीने त्याने सुरा हातात घेतला. "साफ करून देऊ, ताई?"

बाईंचा हात खिशातल्या चिमट्याकडे गेला. तो तिथेच थांबला.

"नको. आहे तसं द्या."

रस्त्यापलीकडून, दुकानाच्या दारातून आचारी ओरडले, "वर आणायचं नाही हं ते! तिथेच संपवा!"

लंबकने तुकडा पुढच्या पायांत धरला. एक पाय वाकडा होता, पण पकड घट्ट होती. भुरी कुठूनशी येऊन थोड्या अंतरावर बसली. खाटकाने तिलाही एक तुकडा टाकला. मग आवाज सुरू झाला. कट्ट. कट्ट. थांबून पुन्हा कट्ट. बाई पायरीवर उकिडव्या बसल्या, त्यांनी मान तिरकी केली.

आचाऱ्यांना राहवलं नाही, ते रस्ता ओलांडून आले. "अगं, अडकलं की काय? काय ऐकतेस?"

"गप्प बसा जरा," बाई म्हणाल्या. "चालू आहे."

मग आचारी बाईंना हात धुण्यासाठी पाणी तापत ठेवायला वर गेले.