कंट्रोलरमामा आणि अकराचा फोन

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर वीज गेली तरी कंट्रोलरमामांना माईक लागायचा नाही. "आजरा गाडी लागली हाय. पावणं, पळू नका, जागा हाय की!" हे शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचं. ते माझे सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. पुढचं 'कंट्रोलर' गल्लीनं जोडलं. रिटायर झाल्यावरही आवाज तोच राहिला. बाहेरच्या खोलीतून "सुरेखा, चहा लागला काय?" आलं की शेजारीण तिच्या घरात आधण ठेवायची.

वेळेच्या बाबतीत तर ते छळच करायचे. "पावणेआठ म्हंजे पावणेआठ. मिनिटभर उशिरा आलेला माणूस गाडीत बसत न्हाय, गाडीकडं बघत बसतोय." लग्नानंतरची दोन वर्षं मी या वाक्याच्या धाकानं भाकऱ्या थापल्या.

मग त्यांचा डावा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. गोळ्यांनी थरथर थोडी आवरली, पण आवाज खोल गेला आणि चेहरा हलेनासा झाला. पुढं त्यांनी चौकात जाणं सोडलं, पेपर सोडला, अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवू लागले. दिवसभर भिंतीकडं तोंड. नवरा फौंड्रीत पाळीवर. घरात ते आणि मी. "मामा, भाजीला काय झालं?" ते ताट आणखी लांब सरकवायचे. मला वाटायचं, मुद्दाम करतात.

डॉक्टर म्हणाले, "हा रुसवा नाही. ही उदासी आजाराचाच भाग आहे, तिच्यावरही उपचार असतो." पुण्याच्या एक समुपदेशक बाई दर मंगळवारी अकराला फोनवरून बोलणार होत्या. मामा एवढंच म्हणाले, "डोस्कं ठिकाणावर हाय माझं. हलतोय त्यो हात."

पहिले तीन मंगळवार नुसता वैताग. पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल घसरायचा, रेंज जायची. आणि बाई म्हणायच्या, "काका, आवाज येत नाही, जरा मोठ्यानं." ज्या माणसानं आख्खं स्टँड हाकलं, त्याला! मला ते ऐकवत नसे. मग मीच उत्तरं द्यायची. झोप? नाही लागत. भूक? नाही. मन कशात लागतं? कशातच नाही.

चौथ्या वेळी बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, मी काकांना विचारलंय. तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबाल?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. औषधं मी देणार, अंघोळ मी घालणार आणि बाहेरही मीच थांबायचं!

त्यात घरचा अभ्यास. रोज आवडीची एक गोष्ट करायची आणि वहीत लिहायची. मामांचं अक्षर मुंगीएवढं झालेलं. दोन ओळींतच त्यांनी वही भिरकावली. "मी तरी किती करू, मामा?" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बाईंनी वही लिहिणं बंद केलं. आवडीचं काही केलं त्या दिवशी कॅलेंडरवर नुसती रेघ मारा म्हणाल्या. मी दाराआड धुणं घड्या करत होते. बाईंनी विचारलं, "काका, जेवण का सोडलंत?" आणि त्या गप्प बसल्या. किती वेळ! मला राहवेना. मी एव्हाना दहा उत्तरं दिली असती.

मग मामांचा बारीक आवाज आला. "घास सांडतोय. सुरेखा पुसती. बोलत कायबी न्हाय ती. पण तिचं त्वांड दिसतंय मला."

हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून मी कुरकुरत होते, आणि ते रोज माझा चेहरा वाचत होते.

त्या दिवसापासून आमटी वाटीत आणि चमचा जाड दांड्याचा. ताट मी त्यांच्याबरोबरच घ्यायला लागले. सांडलेलं सांडू दिलं, दोघांचं झाल्यावर पुसलं. माझी चिडचिड संपली असं म्हटलं तर खोटं होईल. पण दोनेक महिन्यांत ते काठी घेऊन चौकापर्यंत जाऊ लागले, कॅलेंडरवर वाकड्या रेघा वाढल्या. ठरलेले फोन संपले त्या दिवशी बाईंना म्हणाले, "सवय लावली आणि आता बंद करताय व्हय?" त्या हसल्या. मला मात्र राग आला. इतक्यात कसं संपवतात?

त्यानंतर ते दोन वर्षं होते. शेवटी छातीत कफ साठला, दवाखान्यात ठेवलं. नर्सनं त्यांना विचारलं, "आजोबा, दुखतंय का?" आणि लगेच माझ्याकडं पाहिलं. 'हो, फार दुखतंय,' हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "त्यांना विचारलंय ना? थांबा जरा."

तिनं घड्याळ बघितलं. पुढच्या खाटेवरून कुणी हाक मारत होतं. आम्ही थांबलो. मामांचे ओठ हलले.

"दुखत न्हाय," ते म्हणाले. "तहान लागलीया."