लालीबाईची घुगरी

लालीबाईला पसंत पडलेली माणसं जगात फार थोडी, आणि त्यातली बहुतेक मेलेली. बोरी अरबजवळ रस्त्यालगतच्या बंजारा तांड्यात तिचं घर. सकाळपासून दारात बाज टाकून ती बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नजरेनेच सोलून काढायची. मेंबर झाल्यापासून पोट पुढे आलेला भाचा, कानात वायर खुपसून एकटेच बडबडत जाणारी पोरं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दिवसभर गाऊनमध्ये हिंडणाऱ्या बाया. गाऊनवर टॉवेल टाकला की यांची इज्जत झाकली! तिची सून संगीता त्यातलीच. "तुह्यापेक्षा गव्हाचं पोतं बरं," लालीबाई तिला म्हणायची, "त्याचं तोंड तरी बांधून राह्यते." संगीता उलटून बोलत नसे. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बकऱ्या, पाणी, दोन पोरं आणि सासूचं तोंड, सगळं ती एकटीच निभवायची.

लालीबाई स्वतः मात्र त्रेसष्टाव्या वर्षीही फेट्या-कांचळीत. फेट्या म्हणजे आरसे, कवड्या आणि रंगीबेरंगी तुकडे लावलेला घेरदार घागरा, आणि वर तशीच आरशांची चोळी. एकेक टाका तिने स्वतः घातलेला. साठ घरांच्या तांड्यात हा पोशाख अंगावर असणारी ती एकटी उरली होती. बाकीच्या बायांनी वीस-पंचवीस वर्षांत एकेक करून तो पेटीत घातला आणि साड्या नेसल्या. एसटीत लोक बघतात, उन्हाळ्यात जड होतो, शाळेत पोरांना चिडवतात, कारणं सगळ्यांजवळ तयार होती. लालीबाईच्या लेखी कारण एकच, भेकडपणा.

पण तिच्याही पोशाखात एक जागा रिकामी होती. कपाळाच्या दोन्ही बाजूंना, केसांच्या बारीक वेण्यांत गुंफून गालांवर सोडलेली चांदीची घुगरी. नवरा असलेल्या बाईचं ते लेणं. दोन वर्षांपूर्वी पूनमसिंग मेला आणि रिवाजाप्रमाणे त्याच दुपारी नणंद सुखीबाईने सगळ्या बायांदेखत तिच्या वेण्या सोडून घुगरी उतरवली. पूनमसिंग काही रडण्यासारखा माणूस नव्हता. जन्मभर प्यायला, जन्मभर झोपला आणि अधूनमधून उठला तो हात उगारायलाच. लालीबाई त्या दिवशी ढसाढसा रडली ती घुगरीसाठी. या माणसाने जितेपणी चांदीचा एक मणी दिला नाही, आणि मेला तो माझ्या बापाने दिलेली चांदी उतरवून गेला, असं ती मनात हजारदा म्हणाली होती. तोंडाने एकदाही नाही. चाळीस वर्षं मान हलवली की कानाशी जो आवाज व्हायचा तो बंद झाला, आणि तेव्हापासून आपण कोणी दुसरीच म्हातारी आहोत असं तिला वाटे. आरशात बघणं तिने सोडून दिलं. घुगरी परत डोक्यावर यावी एवढंच तिला या जगाकडून हवं होतं, आणि नेमकं तेवढंच मागायची सोय नव्हती.

मग झालं असं की पाण्याच्या टँकरवाल्याला लालीबाई शिव्या देत होती त्याचा व्हिडिओ संगीताने काढला आणि मोबाइलवर टाकला. तो फिरत फिरत पुण्याला पोचला. पंधरा दिवसांनी एक पांढरी गाडी तांड्यात येऊन थांबली आणि तीतून दोन नमुने उतरले. एक रोशन नावाचा फोटोग्राफर, दाढीत मणी ओवलेला. दुसरी पंचविशीची पोरगी. तिचे केस हिरवे, एका बाजूने पार भादरलेले, भुवईत कडी, हातभर गोंदण आणि पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली.

"एवढी शिकली अन् ठिगळ लावता येत नाई काय वं हिले?" लालीबाई संगीताला म्हणाली. हळू बोलायची तिला सवय नव्हती.

"कुठची शिकली, याडी, बारावी नापास आहो," पोरगी हसून म्हणाली. याडी म्हणजे आई. हा शब्द तिने कुठून उचलला कोण जाणे. "मी फिजा. उमरखेडची. बाप गाड्या दुरुस्त करते तिथं."

रोशनने बाजेच्या काठावर टेकून समजावून सांगायला घेतलं. "मावशी, आम्ही जे करतो त्याला अल्टरनेटिव्ह मॉडेलिंग म्हणतात. गोरे, उंच, गुळगुळीत चेहरे सगळेच घेतात. आम्ही वेगळे घेतो. ज्यांना दुसरं कोणी घेत नाही असे. आपण कोण आहोत ते आपल्या दिसण्यातून सांगायचं."

"म्हंजे बाजार उठल्यावर उरलेला भाजीपाला," लालीबाई म्हणाली.

"बघ, बघ! हाच ॲटिट्यूड पाहिजे," रोशन फिजाला म्हणाला. ज्याला शिवीसुद्धा लागत नाही त्या माणसाचं काय करायचं? लालीबाईने त्याच्याकडे बघणंच सोडलं.

पण तेवढ्यात त्याने बॅगेतून एक पिशवी काढली आणि बाजेवर उलटी केली. पत्र्याची, चकचकीत, नवी कोरी घुगरी. "जुन्या फोटोंत बघितलंय मी. याच्याशिवाय लूक पूर्ण होत नाही. हे घालायचं."

"पण याडीले ते..." संगीता म्हणाली. लालीबाईने तिच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य तिने गिळून टाकलं. या येड्याला काही ठाऊक नाही, आणि हा आपणहून घाल म्हणतोय! फोटोसाठी घातली म्हटल्यावर तांडा तरी काय बोलणार? तिने पत्र्याची घुगरी उचलून हलवली आणि खाली टाकली.

"हे बकरीच्या गळ्यात बांध. वाजत बी नाई. संगीता, पेटी उघड. तळाशी लाल फडक्यात आहे, ते घेऊन ये."

लालीबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. पूर्वी घुगरी बांधून द्यायची ती सुखीबाईच. आज फिजा मागे बसली. भांग कुठून पाडायचा, वेणी किती बारीक, दोरा कुठे ओवायचा, लालीबाई सांगत होती आणि पोरीची बोटं भराभर चालत होती. एवढं एक मात्र हिला जमतं, लालीबाईने नाइलाजाने मान्य केलं.

"घरी जातं का कधी?"

"आजच चालली इथून, बसनं."

"बाप काय म्हणते ह्या हिरव्या डोक्याले?"

"त्यायले कुठं मालूम आहे? उमरखेड आलं का ओढणी गुंडाळते डोक्याले, कडी काढून ठेवते."

"थू तुह्या जिंदगीवर," लालीबाई म्हणाली, आणि ती अगदी मनापासून म्हणाली. "साऱ्या दुनियेले दाखवतं अन् बापापुढं मांजर? ही कायची ओळख वं? तू तं गिऱ्हाईक पाहून डोकं बदलवतं."

फिजाने गाठ मारली. "तुमचं सोपं आहे, याडी. तुमाले कोनाले भ्याचं कामच नाई."

फोटो सुरू झाले. रोशन कधी जमिनीवर लोळे, कधी बाजेवर चढे. "मावशी, डोळ्यांत जरा वेदना आणा." "तुह्या पोटात आन," लालीबाई म्हणाली आणि तिने मान झटकली. घुगरी वाजली. दोन वर्षांनी तो आवाज कानाशी आला तेव्हा तिला इतका आनंद झाला की समोरचा तो मणीवाला दाढ्यासुद्धा तिला क्षणभर माणसात जमा वाटला.

आवाज पलीकडच्या दारापर्यंत गेला असावा. सुखीबाई चार बायांना घेऊन तरातरा आली. अंगावर नायलॉनची साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"अवं रंडके! भाऊ मरून दोन वर्सं झाले माहा, अन् तू घुगरी घालून फोटो काढून राह्यली? लाज इकली काय?"

रोशन उभा राहिला. त्याने सुखीबाईकडे पाहिलं, लालीबाईकडे पाहिलं, संगीताला दोन प्रश्न विचारले आणि त्याचे डोळे चमकले. "एक मिनिट. म्हणजे विधवेला हे चालत नाही? मग हे काढूनच करू ना! रिकामं डोकं, ओंजळीत दागिना, डोळ्यांत पाणी. मावशी, ही तर जबरदस्त स्टोरी आहे."

तो क्षणभर माणसात जमा झाला होता, तो पुन्हा कायमचा बाहेर गेला. "ज्याले कोनी घेत नाई त्याले तुमी घेता म्हने," लालीबाई म्हणाली. "अन् घेऊन काय करता, तं त्याचं डोकं रिकामं करता. चाल, उचल तुहा डबा."

रोशनने थोडा वेळ समजूत घातली, मग तोंड वाकडं करून कॅमेरा बॅगेत भरला. त्याच्याकडे तांडे पुष्कळ होते.

"झालं? गेला तुहा फोटोवाला?" सुखीबाई पुढे आली. "आन आता. उतरवतो." तिने दोन्ही हात पुढे केले. दोन वर्षांपूर्वी केले होते अगदी तसेच.

बहाणा संपला होता. लालीबाईला ते कळत होतं. फोटोसाठी घातली होती, फोटो गेला, आता उतरवायची. तिची नजर गाडीजवळ उभ्या असलेल्या फिजावर गेली. पोरीने ओढणी पिशवीतून काढून हातात घेतली होती आणि ती इकडेच बघत होती. गिऱ्हाईक पाहून डोकं बदलवतं. तासाभरापूर्वीच आपण हिच्या तोंडावर थुंकल्यासारखं बोललो. सगळ्या जगाने तुच्छ मानलं असतं तरी लालीबाईला चाललं असतं. आपणच आपल्याला तुच्छ मानावं हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"हात माघारी घे, सुखी."

"काय म्हनलं?"

"तुहा धनी जिता आहे नं? खाऊन-पिऊन मस्त आहे. मंग तुही घुगरी कुठी आहे? मी सांगतो. दारव्ह्याच्या बसमंदी दोन पोट्टे हासले म्हनून तू घरी येऊन पेटीत टाकली. धनी जिता असताना तुह्या हातानं उतरवली तू. माहा मेला, तरी मी घातली. पाह्य आपल्या दोघीकडं, अन् सांग ह्या बायायले, रंडकी कोन दिसून राह्यली ते."

सुखीबाईच्या तोंडावरचा रंग उडाला. ती रडते की काय असं वाटलं, पण ती याच घराण्यातली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "केस तं धुशीनच नं एक दिवस? तवा सोडाच लागन. हात तुहा वर जात नाई. पाहू कोन बांधून देते ते. रंडकीची घुगरी बांधणारीचा धनी घरी वापस येत नाई, एवढं ध्यानात ठेवा म्हना." शेवटचं वाक्य ती संगीताकडे बघत बोलली.

गाडी गेली. फिजाने ती ओढणी उमरखेडला गुंडाळली की नाही, ते लालीबाईला कधी कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

नऊ दिवस लालीबाईने केस धुतले नाहीत. डोकं खाजायचं, धुळीने आणि घामाने वास यायला लागला, तरी ती बाजेवर ताठ बसून राही. तांड्याच्या नायकाने निरोप पाठवला की लग्नाच्या गाण्याला पुढे बसू नका. बोरीच्या बाजारात ओळखीच्या बाया तिला बघून दुसऱ्या दुकानाकडे वळल्या. त्यांचं तिला काही वाटलं नाही, त्यांना ती आधीही मोजत नव्हती. पण खरी गोष्ट सुखीच बोलून गेली होती. आता एकदा सोडली की कोण बांधणार? आणि ज्या एकीला सांगता आलं असतं तिला बारा वर्षं पोतं म्हटल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगायचं? संगीताचा नवरा त्या आठवड्यात रायपूरच्या पुढे कुठेतरी होता. रोज फोन येईपर्यंत संगीता घास खात नव्हती, हे लालीबाईला दिसत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी डोकं सहन होईना. डाव्या हाताने तिने स्वतःच गाठी सोडल्या, नहाणीत बसून केस धुतले, आणि ओल्या केसांनी, घुगरी मांडीवर घेऊन ती बाजेवर येऊन बसली. समोरच्या दारात सुखीबाई तांदूळ निवडत होती. तिने पाहिलं आणि सूप मांडीवर तसंच धरून ती बघत राहिली.

संगीता आतून फणी घेऊन आली. अंगात तोच गाऊन, वर टॉवेल. ती सासूच्या मागे बसली आणि तिने भांग पाडला.

"आतमंदी चाल," लालीबाई म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती या घरात कधी बोलली नव्हती. "तुहा धनी रस्त्यावर आहे."

"माहा धनी तुमचा पोरगा होय," संगीता म्हणाली. "अन् आत उजेड नाई."

उजवी बाजू कशीबशी बांधून झाली. डावीची वेणी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा गाठ बसली. लालीबाईने मान हलवली, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकला आणि बोटाने डावी घुगरी चाचपून पाहिली.

"वाकडी बसवली. सोड अन् पुन्हा बांध."

"पुढच्या आठवड्यात नीट बांधीन," संगीता म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.