नंबर आल्याशिवाय आत नाही

नव्या कामगाराला टाइमकाका पहिला प्रश्न नावगावाचा विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवून ते विचारत, "तुझ्या मागं कोण हाय?" पोटापाण्यासाठी आलेला माणूस सकाळी सकाळी हे ऐकून गांगरून जायचा. काहींना ते अशुभच वाटायचं. काकांना त्याचं काही नसे. बायको, आई, पोरं, एकेकाचं नाव फॉर्मवर उतरल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. काका तिथे टाइम ऑफिस सांभाळायचे, मी प्रॉडक्शनचा सुपरवायझर होतो. हजेरी, प्रॉव्हिडंट फंड, कामगार विमा, सगळी नोंदणी त्यांच्याकडे. विमा नंबर आल्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. तोवर त्याने बाहेरच्या बाकड्यावर बसायचं. हजेरी मात्र बसल्यापासून लागायची. विम्याचा सर्व्हर झोपला की ती माणसं तासन् तास बसून राहायची आणि माझं डोकं फिरायचं. मला माल काढायचा असे, काकांना नंबर.

शेट त्यांना गोडीत सांगून बघत, "काका, छह महिना ट्रायल पे रखो, टिकेगा तो नाम चढाना." आजूबाजूच्या कितीतरी शेडमध्ये तीच रीत होती. काका म्हणायचे, "नाव चढवायला कायद्यानं दहा दिवस दिलेत शेट, ते विसरणाऱ्यांसाठी. मी विसरत नाय." शेट हसून विषय सोडून देत, कारण तपासणीला कुणी आलं की काकांच्या कागदांवर बोट ठेवायला जागा नसायची.

बुवापाड्याचा एक मशीनवाला होता. बायको रुसून माहेरी गेली होती, म्हणून हा पठ्ठ्या फॉर्मवर तिचं नाव लिहू देईना. काकांनी त्याला दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. "भांडण मिटेल, फॉर्म राहील. नाव सांग." त्याने मान खाली घालून सांगितलं. महिन्याभरात ती परत आली आणि पुढे तिचं बाळंतपण त्याच फॉर्मवर निघालेल्या कार्डावर विम्याच्या दवाखान्यात झालं. पेढे सगळ्यांत आधी टाइम ऑफिसात आले.

हा माणूस मला फार आवडायचा, आणि त्याच्याच नियमाला मी बगल दिली.

त्या दिवशी बारवीकडच्या पाड्यावरून चार जण आले होते. भाताची कापणी उरकून कामाला निघालेले. सर्व्हर बंद होता आणि काका एका कामगाराच्या आईला घेऊन दवाखान्यात गेले होते. दारात गाडी उभी, आत कागदाचे अवजड रीळ हलवायला माणूस नाही. मी बाकड्यावरच्या एकाला, लहूला, म्हटलं, चल, अर्ध्या तासाचं काम आहे. तो उठला नाही. म्हणाला, "काका बोलले, बसा."

"काकांना मी सांगतो," मी म्हणालो.

मालाच्या दारातून मी त्याला आत घेतलं. रिळाखाली लाकडी ठोकळा लावायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. रीळ घरंगळला आणि लहू त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये चेंगरला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

शेटनी तोडगा काढला. माणूस काम विचारायला आला होता, चुकून आत शिरला. घरी काही रक्कम पोचवा आणि मिटवा. त्याच्याबरोबरचे तिघे घाबरून पाड्यावर निघून गेले ते परत आले नाहीत. काकांनी मात्र अपघाताचा फॉर्म भरायला घेतला. कामावर लागल्याची तारीख खरी, तीच. कामाला कुणी लावलं, तेवढी जागा कोरी.

रविवारी ते विठ्ठलवाडीला माझ्या घरी आले. चहा आला. मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

"नंबर आला नसला तरी लहू कामावर होता असं लिहून आलं तर त्याच्या बायकोला जन्मभर पेन्शन हाय. नाय तर शेट देतील ते पाकीट. मी तवा तिथं नव्हतो, साहेब. मला लिहिता येत नाय."

"माझी नोकरी जाईल, काका."

"जाईल बहुतेक," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

रागावले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: त्याला मी कामाला पाठवलं. खाली सही केली. 

नोकरी माझीही गेली आणि काकांचीही. त्यांनी बदलापूरच्या खरवईतल्या घरी ओटीवर टेबल टाकलं आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांची नोंदणी करून द्यायला लागले. चौकशी लांबत गेली, पण काकांनी खेटे घालणं सोडलं नाही. शेवटी लहूच्या बायकोची, सोमीची, पेन्शन सुरू झाली. त्यानंतर दरवर्षी कापणी झाली की ती नव्या तांदळाची दोन गाठोडी घेऊन बदलापूरला काकांकडे यायची, एक त्यांना, एक मला. त्या दिवशी काका मलाही बोलावून घेत. मी ते घ्यायचो आणि तिच्याकडे बघायचं टाळायचो. काकांनी तिला एवढंच सांगितलं असेल, या साहेबांनी सही केली म्हणून मिळालं, अशी माझी खात्री होती. ते गाठोडं घरात आलं की दोन दिवस मला जेवण गोड लागत नसे.

गेल्या वर्षी काका गेले. बाराव्याला सोमी आली होती, ओटीखाली बसून रडत होती. तेव्हा मनात आलं, तिला खरं सांगू शकणारा आता मी एकटाच आहे. पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. सोमी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं: लहू बाकड्यावरून उठत नव्हता, मी त्याला उठवलं, आत मी नेलं.

तिने सूप खाली ठेवलं.

"मला ठाव हाय, सायेब. काकांनी समदा कागद वाचून दावला व्हता. तुम्ही लिवलेलं बी."

"मग इतकी वर्षं तांदूळ का आणत होतीस?"

"लिवलंत म्हनून," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.